पांढरा झटका, दोनदा दिसणारा लोगो, अडकलेली सुरुवात : ओपनिंग स्क्रीनचे दोष कसे शोधायचे

ओपनिंग स्क्रीनची (ॲप किंवा वेबसाइट उघडताना क्षणभर दिसणारी स्क्रीन; अँड्रॉइडवर तिला स्प्लॅश म्हणतात, आयफोनच्या आयओएसवर लाँच स्क्रीन) तक्रार बहुधा डिझायनरच्या गळ्यात पडते, कारण डोळ्याला खटकतं ते चित्र. मग लोगो लहान-मोठा केला जातो, रंग बदलतो, ॲनिमेशन बसवलं जातं आणि पुढच्या बिल्डला (ॲपच्या नव्या तयार प्रतीला) तक्रार जशीच्या तशी परत येते. दोष चित्रात क्वचितच असतो. आयकॉनवर बोट टेकल्यापासून पहिली कामाची स्क्रीन दिसेपर्यंत पडदा दोघं-तिघं मिळून रंगवतात : आधी ऑपरेटिंग सिस्टिम, मग फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हसारखं फ्रेमवर्क (ॲप बांधायचा तयार सांगाडा) असेल तर ते, आणि शेवटी आपला कोड. एकानं काम सोडलं आणि दुसऱ्यानं उचललं, त्या सांध्यात दोष असतो. त्यामुळे शोध सांध्यापासून सुरू करायचा.

लक्षणं

- आयकॉन दाबल्यावर क्षणभर कोरी पांढरी स्क्रीन, मग लोगो. डार्क मोडमध्ये हा झटका डोळ्यांना फार बोचतो.
- लोगो दोनदा येतो : आधी मधोमध लहानसा, मग वेगळ्या आकाराचा.
- लोगोच्या कडा कापल्या जातात, तो ताणलेला दिसतो, किंवा त्याच्याभोवती पुसट चौकोन दिसतो.
- नवा लोगो टाकला तरी काही फोनवर जुनाच दिसतो.
- स्क्रीन अडकून बसते. कधी अडकते, कधी नाही.
- वेबसाइटवर फिरतं चक्र हटतच नाही, किंवा पान पांढरं राहतं, किंवा अक्षरं उशिरा उमटतात आणि मजकूर खाली ढकलला जातो.
- मोबाइलवर पहिल्या स्क्रीनचं खालचं बटण ब्राउझरच्या पट्टीखाली गडप होतं.

पुढच्या तपासण्या सोप्या आणि फुकटच्या गोष्टींपासून अवघड कामांकडे जातात. मधली पायरी गाळू नका. वरच्या दोन-तीन पायऱ्यांतच बरीच प्रकरणं मिटतात आणि कोडला हातही लावावा लागत नाही.

१. आधी व्हिडिओ काढा

दुसऱ्या फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्यानं ॲप उघडताना चित्रित करा. त्याच फोनचा स्क्रीन रेकॉर्डर वापरला तर तोही प्रोसेसरचा वाटा खातो आणि सुरुवातीचा वेग बदलतो. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा आणि प्रत्येक बदल कागदावर लिहा : कोणता रंग, लोगो कुठे, किती वेळ. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते. डोळ्याला 'काहीतरी चमकलं' एवढंच जाणवतं. फ्रेममध्ये मात्र पांढरं, मग गडद राखाडी, मग काळ्यावर लोगो असे तीन वेगळे टप्पे स्पष्ट दिसतात. या तीन टप्प्यांचे मालकही तीन असतात, आणि पुढची सगळी दुरुस्ती कोणता टप्पा कोणाचा यावर ठरते.

चित्रण करताना तीन गोष्टी पाळा. एक, ॲप खरोखर बंद असलं पाहिजे. अँड्रॉइडवर अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून ते सरकवून टाकलं तरी प्रोसेस मेमरीत जिवंत राहू शकते. सेटिंगमधून 'फोर्स स्टॉप' करा. दोन, रिलीज बिल्ड (वापरणाऱ्यांना दिली जाणारी प्रत) वापरा. फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे डीबग बिल्ड (डेव्हलपरच्या तपासणीच्या प्रती) मुळातच संथ असतात, त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष फुकट जातो. तीन, ॲप आयकॉनवरूनच उघडा. अँड्रॉइड १२ वर अँड्रॉइड स्टुडिओतून किंवा नोटिफिकेशनवरून उघडलं तर स्प्लॅशवरचा आयकॉन गायब असू शकतो, आणि माणसं नसलेला दोष तासन्‌तास शोधत बसतात.

२. जुनी प्रत तर दिसत नाही ना?

आयओएसवर लाँच स्क्रीन ही चालती स्क्रीन नसते. सिस्टिम स्टोरीबोर्डवरून (स्क्रीनची मांडणी असलेल्या फाइलवरून) तिचं स्थिर चित्र बनवून जपून ठेवते आणि तेच दाखवते. त्यामुळे लोगो बदलूनही जुना दिसतो. ॲप काढा, फोन बंद करून चालू करा, पुन्हा टाका. तरीही जुनाच दिसला तर ॲसेट कॅटलॉगमधल्या (ॲपच्या चित्रं-रंगांच्या संचामधल्या) चित्राचं नावच बदला आणि स्टोरीबोर्डमध्ये नवं नाव जोडा. हा उपाय ओबडधोबड वाटतो, पण चालतो.

वेबसाइट असेल तर प्रायव्हेट विंडोत उघडा. तिथे ठीक दिसलं आणि नेहमीच्या खिडकीत बिघडलेलं दिसलं, तर कॅशे (ब्राउझरनं जपलेली प्रत) किंवा सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी साइटची स्क्रिप्ट) जुनं पान देतोय. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'ॲप्लिकेशन' भागात जाऊन सर्व्हिस वर्करची नोंदणी काढा आणि पुन्हा पाहा.

ही पायरी गाळली तर पुढे केलेली दुरुस्ती लागू झाली की नाही, हेच कळणार नाही.

३. सगळ्या थरांचा पार्श्वरंग एकच आहे का?

पांढऱ्या झटक्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच, आणि दुरुस्ती पाच मिनिटांची. किमान तीन ठिकाणचे रंग काढून शेजारी-शेजारी लिहा : सिस्टिमच्या स्प्लॅशचा पार्श्वरंग, ॲपच्या थीममधला विंडोचा पार्श्वरंग, आणि पहिल्या खऱ्या स्क्रीनचा पार्श्वरंग. फ्रेमवर्क असेल तर चौथा, मूळ व्ह्यूचा (ज्याच्यावर सगळ्या स्क्रीन बसतात त्या तळाच्या थराचा) रंग. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये जावास्क्रिप्टचं बंडल चढेपर्यंत हा मूळ व्ह्यू उघडा पडतो आणि तो न रंगवल्यास पांढरा दिसतो. हे चारही रंग अक्षरशः एकच हवेत. '#१२१२१२' आणि '#००००००' हे नुसते सारखे वाटतात; अंधाऱ्या खोलीत त्यांच्यातली उडी दिसते.

मग हीच यादी डार्क मोडसाठी पुन्हा करा. अँड्रॉइडवर नाइटच्या संसाधनांच्या फोल्डरमध्ये रंग ठेवायचा राहून जातो. आयओएसवर स्टोरीबोर्डला पक्का पांढरा न देता ॲसेट कॅटलॉगमधला दोन रूपं असलेला रंग द्या. फोनचा मोड एक आणि ॲपच्या सेटिंगमध्ये निवडलेला मोड दुसरा, असंही घडतं. सिस्टिमची स्प्लॅश फोनच्या मोडप्रमाणे येते, तिला तुमचं सेटिंग आपोआप ठाऊक नसतं. अशा ॲपसाठी दोन्ही मोडमध्ये चालेल असा एकच मध्यम गडद ब्रँड रंग घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

वेबवर हाच झटका येतो कारण थीम ठरवणारी स्क्रिप्ट पानाच्या शेवटी असते. पान आधी पांढरं रंगतं, मग काळं होतं. ती चार ओळींची स्क्रिप्ट हेडमध्ये, स्टाइलशीटच्या आधी, थेट एचटीएमएलमध्येच लिहा. मूळ एचटीएमएल घटकाचा पार्श्वरंगही तिथेच द्या. कलर-स्कीमचा मेटा टॅग दिला की सीएसएस येण्याआधीचा कोरा कॅनव्हासही ब्राउझर गडद ठेवतो.

लोगोभोवतीचा पुसट चौकोनही रंगाच्याच घरातला. लोगोच्या पीएनजीमध्ये पार्श्वरंग भरलेला असतो, फाइलला वेगळं कलर प्रोफाइल चिकटलेलं असतं, आणि त्यामुळे तोच रंग एक छटा वेगळा उमटतो. पार्श्वभाग पारदर्शक ठेवून निर्यात करा किंवा थेट व्हेक्टर वापरा. रंग चित्रातून कधीच देऊ नये, थरातून द्यावा.

४. लोगोची मापं

अँड्रॉइड १२ पासून (२०२१) स्प्लॅशवरचा आयकॉन गोल मुखवट्यातून दिसतो. पार्श्वगोल नसलेला आयकॉन २८८ × २८८ डीपी (पडद्याच्या घनतेवर न बदलणारं अँड्रॉइडचं माप) असावा आणि त्यातला दिसायचा भाग १९२ डीपी व्यासाच्या वर्तुळात बसावा. पार्श्वगोल असेल तर २४० × २४० डीपी आणि आतलं वर्तुळ १६० डीपी. म्हणजे दोन्हींत मधला दोन-तृतीयांश व्यासच तुमचा. बाहेरचं सगळं कापलं जाणार असं धरून चाला. तळाशी ब्रँडची पट्टी द्यायची सोय आहे, तिचं माप २०० × ८० डीपी. आयकॉन ॲनिमेटेड असेल तर १,००० मिलिसेकंदांच्या आत संपवा.

आडवा, नावासकटचा लोगो या वर्तुळात बसवायचा हट्ट धरू नका. बसवला तर अक्षरं वाचता येत नाहीत, मोठा केला तर पहिलं आणि शेवटचं अक्षर कापलं जातं. फक्त चिन्ह वापरा, नाव पहिल्या स्क्रीनवर येऊ द्या. क्लायंटला हे पटवायचं असेल तर शब्दांपेक्षा त्याच्याच फोनवरचे दोन्ही नमुने दाखवा.

आयओएसवर चित्र 'ॲस्पेक्ट फिट' ठेवा, 'स्केल टू फिल' ठेवलं की ते ताणलं जातं. ते मध्यरेषांना बांधा. लाँच स्क्रीनवर मजकूर लिहू नका. ही स्क्रीन स्थिर असल्यामुळे तो मजकूर वापरणाऱ्याच्या भाषेत बदलत नाही. २०२० पासून ॲप स्टोअरला स्टोरीबोर्डची (किंवा इन्फो-प्लिस्ट फाइलमध्ये लिहिलेली) लाँच स्क्रीन लागते, प्रत्येक मापाचं वेगळं चित्र देण्याची जुनी पद्धत संपली.

होम स्क्रीनवर बसवलेल्या वेब ॲपसाठी अँड्रॉइडवरचं क्रोम मॅनिफेस्टमधलं (वेब ॲपची माहिती असलेल्या फाइलमधलं) नाव, पार्श्वरंग आणि आयकॉन घेऊन स्प्लॅश स्वतःच बनवतं. १९२ आणि ५१२ पिक्सेलचे आयकॉन ठेवा. मास्केबल (फोननुसार वेगवेगळ्या आकारात कापल्या जाणाऱ्या) आयकॉनचा सुरक्षित भाग म्हणजे रुंदीच्या ८० टक्के व्यासाचं मधलं वर्तुळ. आयफोनवर मात्र सुरुवातीचं चित्र पडद्याच्या नेमक्या मापाचं, मीडिया क्वेरीसह (पडद्याचं माप तपासणाऱ्या अटीसह) द्यावं लागतं. माप जुळलं नाही तर कोरी स्क्रीन येते.

५. लोगो दोनदा येतोय

अँड्रॉइड १२ पासून सिस्टिम प्रत्येक ॲपला स्वतःची स्प्लॅश देते, तुम्ही मागा वा न मागा. जुन्या ॲपमध्ये आपली वेगळी स्प्लॅश ॲक्टिव्हिटी (ॲक्टिव्हिटी म्हणजे अँड्रॉइड ॲपमधली एक स्क्रीन) बहुधा असते. मग आधी सिस्टिमची, मागोमाग आपली. दोष फक्त नव्या फोनवर दिसतो, म्हणून 'आमच्याकडे तर ठीक आहे' असं उत्तर मिळत राहतं.

दुरुस्ती अशी. अँड्रॉइडएक्सची कोअर-स्प्लॅशस्क्रीन लायब्ररी घ्या. तिच्या 'थीम डॉट स्प्लॅशस्क्रीन'वरून एक थीम बनवा, त्यात पार्श्वरंग, आयकॉन आणि स्प्लॅशनंतर लागू व्हायची थीम अशा तीन गोष्टी भरा, आणि अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती असलेल्या फाइलमध्ये) सुरुवातीच्या ॲक्टिव्हिटीला ती लावा. त्या ॲक्टिव्हिटीच्या ऑनक्रिएटमध्ये (ती सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) 'इन्स्टॉल स्प्लॅशस्क्रीन' ही हाक (फंक्शन कॉल) 'सुपर डॉट ऑनक्रिएट'च्या ओळीआधी हवी. नंतर दिली तर थीम बदलायला उशीर झालेला असतो. स्प्लॅशनंतरची थीम लिहायची राहिली तर ॲक्टिव्हिटी स्प्लॅशच्याच थीममध्ये अडकते, आणि ॲपकॉम्पॅट या अँड्रॉइडच्या लायब्ररीची थीम हवी असं सांगत ॲप कोसळतं. हे झाल्यावर जुनी स्प्लॅश ॲक्टिव्हिटी काढून टाका.

तिच्यातला दोन-तीन सेकंदांचा टायमरही त्याबरोबर जाऊ द्या. लोगो नीट दिसावा म्हणून ॲप मुद्दाम थांबवणं म्हणजे रोज दहा वेळा ॲप उघडणाऱ्या माणसाला दहा वेळा ताटकळत ठेवणं. यावर तडजोड करू नये.

एक चुकीचा उपाय फार पसरला आहे : सुरुवातीची विंडो पारदर्शक करणं किंवा तिचं प्रीव्ह्यू बंद करणं. पांढरा झटका जातो खरा, पण आता आयकॉन दाबला तरी काहीच होत नाही. माणूस पुन्हा दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो. दोष लपला आणि मोठा झाला.

६. स्क्रीन अडकते तेव्हा ती कशाची वाट पाहते?

इथून कोड वाचावा लागतो. स्प्लॅश धरून ठेवणारी अट शोधा : अँड्रॉइडवर 'कीप ऑन स्क्रीन कंडिशन', फ्लटरमध्ये स्प्लॅश हटवण्याची हाक, वेबवर चक्र लपवणारी ओळ. मग एकच प्रश्न विचारा : ही अट चूक झाल्यावरही पूर्ण होते का? बहुतेक वेळा 'तयार' हा झेंडा (फ्लॅग) फक्त कोडच्या यशाच्या फांदीत उंचावलेला असतो. सर्व्हरनं चुकीचं उत्तर दिलं, लॉगिनच्या टोकनची (ओळख पटवणाऱ्या किल्लीची) मुदत संपली, जतन केलेली फाइल मोडली, की कोड दुसऱ्या फांदीत जातो आणि झेंडा तसाच राहतो.

दोन चाचण्या करा. एअरप्लेन मोडमध्ये उघडा. मग वायफायला जोडून, पण त्या वायफायला इंटरनेट नसताना उघडा. दुसरी चाचणी जास्त बोलकी. एअरप्लेन मोडमध्ये विनंती लगेच नाकारली जाते. इंटरनेट नसलेल्या वायफायवर ती ना यशस्वी होते ना अयशस्वी, लोंबकळत राहते. अँड्रॉइडवरच्या ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीची मूळ मुदत जोडणी आणि वाचनासाठी प्रत्येकी १० सेकंद आहे, आयओएसमधलं तसंच काम करणाऱ्या यूआरएल सेशनची विनंतीची मुदत ६० सेकंद. 'कधी कधी अडकतं' या तक्रारीचा उगम बहुधा इथे सापडतो. त्यात ती विनंती मेन थ्रेडवर (पडदा रंगवणाऱ्या मुख्य धाग्यावर) असेल तर आयओएसचा वॉचडॉग (अडकलेलं ॲप बंद करणारा पहारेकरी) ६० सेकंद थांबत नाही, त्याआधीच ॲप मारतो. एक्सकोडचा (ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनाचा) डीबगर जोडलेला असताना वॉचडॉग गप्प असतो, म्हणून टेबलावर हे कधीच दिसत नाही.

नियम साधा ठेवा. स्प्लॅशनं फक्त फोनमध्ये असलेल्या गोष्टींची वाट पाहावी. नेटवर्कची वाट पहिल्या स्क्रीननं पाहावी, तिथे निदान 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण तरी ठेवता येतं.

डेस्कटॉपवर याचं एक खास रूप आहे. स्प्लॅशची खिडकी 'सगळ्यांच्या वर' ठेवलेली असते आणि तिच्या मागे परवान्याचा किंवा पासवर्डचा डबा (डायलॉग बॉक्स) उत्तराची वाट पाहत असतो. सॉफ्टवेअर गोठल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात ते आपली वाट पाहत असतं. 'सर्वात वर'ची खूण काढा, किंवा कोणताही डबा उघडण्याआधी स्प्लॅश बंद करा. दुसरं रूप म्हणजे सगळं चढवण्याचं काम खिडकी रंगवणाऱ्याच थ्रेडवर होणं. विंडोज ५ सेकंद संदेश न हाताळणाऱ्या खिडकीवर 'प्रतिसाद देत नाही' असा शिक्का मारतं. पायथनचं सॉफ्टवेअर पायइन्स्टॉलरच्या स्प्लॅशसह बांधलं असेल, तर ती बंद करण्याची हाक कोडमधूनच द्यावी लागते. विसरलात तर प्रोग्राम संपेपर्यंत ती समोर राहते.

७. वेबसाइटचं पांढरं पान

चक्र हटत नसेल तर ते बहुधा विंडोच्या 'लोड' घटनेवर लपवलेलं असतं. ती घटना सुरुवातीच्या सगळ्या चित्रांची, फ्रेम्सची आणि बाहेरच्या स्क्रिप्टची वाट पाहते. जाहिरातीची किंवा चॅटची एक स्क्रिप्ट लटकली की पान तयार असूनही चक्राखाली झाकलेलं राहतं. पूर्ण पानावरचं चक्र काढून टाकणं हाच खरा उपाय. ठेवायचंच असेल तर ते डॉम (ब्राउझरनं एचटीएमएलवरून उभी केलेली पानाची रचना) तयार होताच हटवा आणि २-३ सेकंदांत आपोआप जाईल अशी सोय सीएसएसमध्येच करा, म्हणजे स्क्रिप्ट मोडली तरी पान दिसेल.

नवी आवृत्ती चढवल्यानंतर काहींनाच पांढरं पान दिसत असेल तर डेव्हलपर टूल्सच्या 'नेटवर्क' भागात ४०४ (फाइल सापडली नाही) ही चूक शोधा. ब्राउझरनं जपलेलं जुनं एचटीएमएल आता सर्व्हरवर नसलेल्या जावास्क्रिप्ट फाइल मागत असतं. मुख्य एचटीएमएलला 'नो-कॅशे' द्या, नावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारा संकेत) असलेल्या फाइलींना लांब मुदत द्या, आणि मागच्या आवृत्तीच्या फाइली सर्व्हरवर काही काळ राहू द्या.

बाकीच्या गोष्टी भरभर : हेडमध्ये बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्टला 'डिफर' लावा (थीमची ती छोटी स्क्रिप्ट सोडून), म्हणजे पान रंगणं अडत नाही. फॉण्टला 'स्वॅप' द्या, नाहीतर ब्राउझर अक्षरं साधारण ३ सेकंदांपर्यंत लपवून ठेवतात. देवनागरी फॉण्टच्या फाइली जोडाक्षरांमुळे बऱ्याचदा जड असतात, लागतील तेवढीच वजनं (ठळक, साधं असे जाडीचे प्रकार) चढवा. पहिल्या स्क्रीनवरच्या मोठ्या चित्राला 'लेझी' (गरज पडेल तेव्हाच चढणारं) लोडिंग कधीच देऊ नका. रुंदी-उंची लिहा, म्हणजे मजकूर उडी मारणार नाही. बटण पट्टीखाली जात असेल तर उंची '१०० व्हीएच'ऐवजी '१०० एसव्हीएच' (ब्राउझरची पट्टी दिसत असतानाची उंची) करा. मग मोजा : सर्वात मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, मांडणीच्या हालचालीचा गुण (सीएलएस) ०.१ च्या आत असावी.

८. सुरुवातच संथ असेल तर

एडीबीमधून (संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणाऱ्या साधनातून) ॲक्टिव्हिटी मॅनेजरची 'स्टार्ट' आज्ञा 'एस' आणि 'डब्ल्यू' पर्यायांसह द्या. ॲप आधी बंद होईल, मग उघडेल आणि एकूण वेळ मिलिसेकंदांत मिळेल. निदान पाच वेळा करून मधली संख्या धरा, आणि हे स्वस्त, कमी रॅमच्या फोनवर करा. अँड्रॉइड व्हायटल्स (गूगलची ॲपच्या तब्येतीची मोजणी) कोल्ड स्टार्टला (पूर्ण बंद ॲप उघडणं) ५, वॉर्मला (काही भाग मेमरीत असताना) २ आणि हॉटला (मागे चालू असलेलं ॲप पुढे आणणं) १.५ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर अति मानतं. ॲपलचं सांगणं पहिली फ्रेम ४०० मिलिसेकंदांत यावी असं आहे. एक्सकोडच्या इन्स्ट्रुमेंट्समध्ये त्यासाठी 'ॲप लाँच' नावाचा साचा आहे.

वेळ खाणारे नेहमीचे संशयित म्हणजे ॲनालिटिक्स, जाहिराती आणि नोटिफिकेशनच्या लायब्रऱ्या, ज्या ॲप उघडताच स्वतःला सुरू करतात. एकेक बंद करून वेळ पुन्हा घ्या. दोन एकदम बंद केल्या तर दोषी कोण ते कळत नाही.

कुठे थांबायचं

अपडेटनंतरच्या पहिल्या उघडण्यात डेटाबेसचं स्थलांतर (जुना डेटा नव्या रचनेत नेणं) चालू असताना स्क्रीन अडकत असेल, तर तिथेच थांबा आणि ॲप डेव्हलपर बोलवा. वापरणाऱ्यांना 'डेटा क्लिअर करा' किंवा 'ॲप काढून पुन्हा टाका' असं अजिबात सांगू नका; फोनमधला, सर्व्हरवर न गेलेला डेटा त्यानं कायमचा जातो. क्रॅश नेटिव्ह लायब्ररीत (सी किंवा सी++ सारख्या भाषेतल्या कोडमध्ये) असेल, वॉचडॉगची नोंद असेल, दोष एकाच कंपनीच्या फोनवर येत असेल, किंवा सुरुवातीला लॉगिन, एन्क्रिप्शन वा पेमेंटचा भाग चालत असेल, तरीही अंदाजानं ओळी हलवू नका. लायब्रऱ्या बंद करूनही कोल्ड स्टार्ट ५ सेकंदांखाली येत नसेल तर परफॉर्मन्सचं काम करणारा माणूसच हवा.

त्याला देण्यासाठी पहिल्या पायरीतला व्हिडिओ, फोनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, बिल्ड क्रमांक, मोजलेल्या वेळा, त्या वेळचा लॉग आणि दोष नसलेल्या शेवटच्या बिल्डचा क्रमांक एकत्र ठेवा. यातला शेवटचा क्रमांक सर्वात कामाचा, कारण चांगल्या आणि वाईट बिल्डमधले बदल निम्मे-निम्मे करत तो दोषाची नेमकी ओळ गाठू शकतो.